बटण आणि बार यांच्यातला वेळ

सुरुंगाच्या विद्युत मंडलात बटण दाबताच सगळे बार एकदम उडावेत, अशी अपेक्षा खाणीत नसते. ते ठरलेल्या क्रमाने, एकमेकांमागे थोडा वेळ सोडून उडावे लागतात. हा वेळ मंडलात कुठे बसवायचा, या प्रश्नाचे उत्तर शतकभरात अनेकदा बदलले. नागपूर जिल्ह्याच्या मँगनीज पट्ट्यातल्या खाणींचे कामही त्याबरोबर बदलत गेले.

सावनेर तालुक्यातले खापा कन्हान नदीकाठी वसलेले असून विणकरांचे गाव म्हणून जुन्या काळापासून ओळखले जाते. त्याच्या शेजारी गुमगावची मँगनीज खाण आहे. या पट्ट्यातल्या उत्खननाची सुरुवात 1896 मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून मानली जाते. 1962 मध्ये तिच्या वारसदार कंपनीच्या खाणी मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजच्या मॉइलकडे आल्या. भूवैज्ञानिक लुई ली फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजवरचा आपला मोठा ग्रंथ 1909 मध्ये प्रसिद्ध केला. या भागातल्या क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेटच्या खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. हा खडक इतका कठीण की नुसत्या पहारी-घणांनी तो फार पुढे सरकू देत नाही. दारू ठासावीच लागते.

वातीच्या काळात वेळ उघड दिसत असे. विल्यम बिकफर्ड यांनी 1831 मध्ये कॉर्नवॉलमध्ये सुरक्षित वातीचे पेटंट घेतले. आजची अशी वात मीटरभर जळायला साधारण 100 ते 120 सेकंद घेते, म्हणजे दोन मीटर वात लावली की माणसाला तीन मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. हा वेळ खडकासाठी नव्हता, पळणाऱ्या माणसासाठी होता. क्रम साधायचा तर वाती लांब-आखूड कापायच्या आणि उडालेले बार कानाने मोजायचे. मोजणी एकाने कमी भरली, तर खडकात जिवंत बार उरला आहे असे धरून थांबणे भाग असे.

विजेने माणसाला दूर नेले. तार ओढून आडोशाला बसायचे, एक्सप्लोडरची मूठ फिरवायची, आतला कंडेन्सर भरून निऑनचा दिवा लागला की बटण दाबायचे. मूठ बार उडवणाऱ्याने स्वतःजवळच ठेवायची हा नियम फार मोलाचा आहे. बटण दुसऱ्या कुणाच्या हाती लागले तरी मंडल मुके राहते. पण विजेबरोबर वातीचा वेळ गेला. सगळी भोके एकाच क्षणी उडाली तर मधल्या खडकाला सरकायला जागाच मिळत नाही. बोगद्याच्या तोंडावर आधी मधली भोके उडून पोकळी व्हायला हवी, मग भोवतालची, शेवटी कडेची.

वेळ बटणाजवळ बसवता आला नाही, याचे कारण साधे आहे. बार पेटवणारे डिटोनेटर एकसर जोडणीत असतात. पहिला बार उडाला की तार तुटते आणि मागच्यांना वीज मिळतच नाही. म्हणून वीज सर्वांना एकाच वेळी पोचवून वाट पाहणे प्रत्येक डिटोनेटरच्या पोटात घालावे लागले. वीज लागताच आतले मसाल्याचे टोक पेटते, पुढची छोटी नळी ठरल्या वेगाने जळते आणि मग स्फोट होतो. एका अर्थी बिकफर्डची वातच बोटभर नळीत परत आली. अर्ध्या सेकंदाच्या टप्प्यांसाठी या नळीत अँटिमनी आणि पोटॅशियम परमँगनेट यांचे मिश्रण वापरले गेले. परमँगनेट तयार होते ते मँगनीज डायऑक्साइडपासून. मँगनीज फोडण्याची घटिकाही मँगनीजच मोजत होते. 1940 च्या दशकात मिलिसेकंदांचे टप्पे आले आणि 25 मिलिसेकंदांची चढती मालिका रूढ झाली.

या छोट्या टप्प्यांचा लाभ खाणीबाहेरही पोचला. जमिनीचा हादरा एकूण दारूपेक्षा एका टप्प्यात उडणाऱ्या दारूवर अधिक अवलंबून असतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकाने साध्या घरांसाठी, 8 हर्ट्झपेक्षा कमी कंपनसंख्येला, जमीन हलण्याच्या वेगावर सेकंदाला 5 मिलिमीटर ही मर्यादा घातली. खाप्यासारख्या, खाणीला खेटून असलेल्या वस्तीत भिंतींची सुरक्षा या मोजमापाशी जोडलेली आहे. टप्पे नीट न पाडता उडवलेला बार हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

1967 मध्ये स्वीडनच्या पेर-आन्डर्स पेर्शोन यांनी विजेविना चालणारी नोनेल नळी शोधली. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरमध्ये तर प्रत्येकाला स्वतःची चिप आणि कंडेन्सर असतो. आधी सर्व कंडेन्सर भरतात, मग आज्ञा मिळते. त्यानंतर बाहेरची तार तुटली तरी आतली वीज आपला वेळ मोजून काम पुरे करते, तेही एका मिलिसेकंदाच्या टप्प्याने. साध्या विद्युत डिटोनेटरचे उत्पादन, बाळगणे आणि आयात यांवर केंद्र सरकारने 1 एप्रिल 2025 पासून बंदी घातली. देशातल्या स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे.