मुलगा देऊन मुलगा

१० ऑक्टोबर १५५२. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातून एक पोरगा घोड्यावर बसून निघाला. वय सोळाच्या उंबरठ्यावर, आणि जायचं होतं दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलियेला, वैद्यक शिकायला. निरोप द्यायला बाप बरोबर आला. लॅटिनमध्ये निरोप घेताना 'वाले' म्हणतात. शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या या बापाला 'फेलिक्स, वाले' म्हणायचं होतं, पण तोंडातून 'वा' एवढंच निघालं. पुढचं अक्षर घशातच अडकलं.

हे आपल्याला कळतं ते त्या पोराने स्वतः लिहून ठेवलं म्हणून. त्याचं नाव फेलिक्स प्लाटर. पुढे तो बाझलचा नगरवैद्य झाला, प्राध्यापक झाला, खूप पैसा मिळवला आणि १६१४ साली वारला. त्याचं आत्मकथन बाझल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्याला रोजनिशी म्हणायची पद्धत असली तरी ती रोज लिहिलेली वही नव्हे. पंचाहत्तरी उलटल्यावर, १६१२ च्या सुमारास, जुनी टिपणं आणि पत्रं समोर घेऊन म्हाताऱ्या फेलिक्सने ती सलग लिहिली. त्यामुळे वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. तारीख, मुक्काम, गावाचं नाव बहुधा जुन्या कागदावरून उतरलेलं असतं. गंमत, भीती, रडू यांच्यावर मात्र साठ वर्षांचं पाणी चढलेलं असू शकतं. तरीही बापाचा तो अर्धा शब्द मी खरा मानतो. आठवणीला मुलामा देणाऱ्याने तो पुरा केला असता.

दुसरा आधार म्हणजे बाप थॉमस प्लाटरची मुलाला गेलेली पत्रं. ती १८९० साली बाझलला छापली गेली. तिसरा आधार थॉमसचं स्वतःचं आत्मचरित्र, फेलिक्सच्याच आग्रहावरून १५७२ साली लिहिलेलं. ते वाचल्याशिवाय मुलाच्या प्रवासाचा अर्थ लागत नाही, कारण थॉमस हा स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातला, डोंगरात बकऱ्या राखलेला पोरका मुलगा. विद्येसाठी तो जर्मन मुलखात वर्षानुवर्षं भटकला. त्या काळात थोरल्या विद्यार्थ्यांच्या दिमतीला धाकटे असत. धाकट्यांनी दारोदार भीक मागायची आणि मिळालेलं थोरल्यांपुढे ठेवायचं. आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेले लोक होऊन गेले, पण माधुकरीचं अन्न निदान मागणाऱ्याच्या पोटात जाई. थॉमसच्या वाट्याला तेही नेहमी येत नसे. पुढे तो दोर वळायला शिकला, हिब्रू शिकला, छापखाना काढला (धर्मसुधारक काल्व्हिनच्या मुख्य ग्रंथाची पहिली आवृत्ती १५३६ साली त्याच्याच छापखान्यातून निघाली) आणि शेवटी बाझलच्या कॅथेड्रलजवळच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला. नाव झालं. घरं घेतली आणि कर्जही केलं.

एवढ्या कर्जात मुलाला परदेशी वैद्यकाला पाठवायचं कसं? उत्तर साधं होतं आणि त्या काळी रुळलेलंही: मुलगा देऊन मुलगा घ्यायचा. माँपेलियेत लॉराँ कातालाँ नावाचा औषधांचा दुकानदार होता. त्याला आपली मुलं जर्मन भाषेच्या मुलखात शिकायला हवी होती. त्याचे मुलगे, जिल्बेर आणि जाक, त्या बाजूला राहायचे आणि त्या बदल्यात प्लाटरचा मुलगा कातालाँच्या घरी जेवायचा. खोली आणि जेवण यांचा हिशेब मुलांतच फिटायचा. आजच्या विद्यार्थी-अदलाबदलीची माहितीपत्रकं मैत्री आणि संस्कृती यांनी भरलेली असतात. या दोन बापांना जेवणाचे पैसे वाचवायचे होते. यात एक गोम आहे, आणि ती मला कुठल्याही करारापेक्षा बोलकी वाटते. ज्याचा मुलगा आपल्या घरात आहे त्याच्याच घरात आपला मुलगा आहे, तेव्हा दोन्ही घरं एकमेकांच्या पोरांना जपणारच. ओलीस म्हटलं तर फार होईल, पण शब्द आठवतो खरा.

वाटेचं वर्णन फेलिक्सने चवीने केलं आहे. सोन्याची नाणी बंडीत शिवलेली. सोबतीला थॉमस श्योप्फ नावाचा शाळामास्तर, तोही वैद्यक शिकायला निघालेला. (हाच पुढे बर्नचा नगरवैद्य झाला आणि बर्न प्रांताच्या १५७८ च्या मोठ्या नकाशामुळे आज ओळखला जातो.) लोझानच्या अलीकडे, जोरा जंगलाजवळच्या मेझिएर गावी, त्यांना एका खानावळीत रात्र काढावी लागली. तिथे दारू प्यालेले काही आडदांड लोक बसले होते. यांनी खोलीचं दार आतून खाट लावून अडवलं, तलवारी उपसून ठेवल्या आणि उजाडायच्या आत तिथून पळ काढला. त्या टोळीतल्यांना पुढे बर्नमध्ये देहदंड झाला आणि त्यांनी या विद्यार्थ्यांना लुटायचा बेत कबूल केला, असं फेलिक्स सांगतो. या शेवटच्या भागाबद्दल मी थोडा सावध आहे. भीती खरी असेलच, पण तिला असा नेमका पुरावा मिळणं ही म्हाताऱ्या माणसाला फार सोयीची गोष्ट आहे.

जिनिव्हात त्याने बापाचं पत्र काल्व्हिनच्या हातात दिलं. काल्व्हिनने माँपेलियेला परतणाऱ्या एका शल्यवैद्याची सोबत जोडून दिली. रविवारी त्याचं प्रवचनही ऐकलं, पण फ्रेंच कुणाला येत होतं? काही कळलं नाही, हे फेलिक्स निःसंकोच लिहितो. प्रॉटेस्टंट युरोप ज्याच्या शब्दासाठी कान टवकारून होता, त्याच्यासमोर बसून हा पोरगा न कळणारी भाषा ऐकत होता.

पुढे लिआँ, मग ऱ्होन नदीच्या काठाने खाली. आव्हिन्याँत त्याला घराची आठवण असह्य झाली. अनोळखी सराई, भोवती नावाडी, भाषा येत नाही. तो तबेल्यात गेला, आपल्या घोड्याच्या गळ्यात हात टाकले आणि रडला. बापाच्या पत्रांत असल्या गोष्टींना जागा नाही. तिथे अभ्यास, पैसा आणि शहाणपण. म्हणून या जागी आपल्याकडे एकच साक्षीदार उरतो, आणि तो स्वतःविरुद्ध साक्ष देतो. प्रतिष्ठित वैद्याने साठ वर्षांनी हे रडू कागदावर आणायचं काय कारण होतं? खरं होतं, एवढंच.

३० ऑक्टोबरला तो माँपेलियेला पोचला. वीस दिवस लागले होते. शहराबाहेर ऑलिव्हच्या झाडांना देहदंड झालेल्या माणसांचे तुकडे लटकत होते. शहरात मात्र रविवारची मौज चालली होती. कातालाँ आणि त्याची बायको आपल्या दुकानाच्या दारात उभे राहून ती बघत होते. घोड्यावरून आलेला हा पोरगा बघून त्यांना नवल वाटलं. घरमालकाशी तो मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये बोलू लागला.

कातालाँचं घराणं मारानो, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या स्पॅनिश ज्यूंचं. हे फेलिक्स उघड लिहितो. घरात डुकराचं मांस शिजत नसे. स्वयंपाक ऑलिव्हच्या तेलात, लोण्याची सवय असलेल्या बाझलच्या पोराला परका. दुपारी मटणाचं सूप, त्यात कोबी किंवा सलगम. रात्री सॅलड आणि थोडं भाजलेलं मांस. पाव उत्तम. वाइन गडद लाल, भरपूर पाणी घालून प्यायची. प्रत्येकाचा वाडगा निराळा आणि जेवण बोटांनीच. मराठी वाचकाला या शेवटच्या तपशिलाचं काही वाटणार नाही. फेलिक्सला तो नोंदवावासा वाटला.

उपासाच्या काळात पंचाईत झाली. लेंटमध्ये कॅथलिक शहरात मांस आणि अंडी खायला बंदी. पण फेलिक्स प्रॉटेस्टंट, शिवाय वाढत्या वयाचा. आपल्या अभ्यासाच्या खोलीत तो कागदावर लोणी ठेवून त्यात अंडी भाजायचा. फक्त टरफलं फेकायची कुठे, हे त्याला सुचलं नाही. त्यांचा ढीग साचला, एका मोलकरणीच्या दृष्टीस पडला आणि तिने तो मालकिणीला दाखवला. मालकीण फार चिडली.

या प्रसंगावर मी अनेकदा थांबलो आहे. फेलिक्स तो गमतीने सांगतो, आणि वाचणारेही तो खोडकर पोराची गोष्ट म्हणून वाचतात. पण त्या बाईच्या जागी उभं राहून पाहा. घराणं ज्यू वंशाचं, नवख्रिस्ती. शेजाऱ्यांना ते ठाऊक. डुकराचं मांस टाळलं जातं हे घरातल्या पाहुण्याच्याही लक्षात येतं, मग गावाच्या येत नसेल? अशा घरातून लेंटमध्ये अंड्यांच्या टरफलांचा ढीग निघाला तर दोष पाहुण्यावर नव्हे, घरावर येईल. तिच्या रागात धर्मनिष्ठा किती होती हे कागद सांगत नाहीत. भीती होती, असा माझा अंदाज आहे. एका छपराखाली दोन प्रकारचे लपलेले लोक जेवत होते, आणि त्यातल्या एकालाच त्याचा अंदाज आलेला नव्हता.

तो त्यालाही लवकरच आला. माँपेलियेत प्रॉटेस्टंटांना जाळत. फेलिक्सने हे पाहिलं आहे. एका कापड कातरणाऱ्या कारागिराला जाळताना पावसामुळे लाकडं नीट पेटेनात. तेव्हा आग भडकवायला टर्पेंटाईन आणलं गेलं, आणि ते कातालाँच्याच दुकानातून. देणाऱ्या नोकरांना फेलिक्सने जाब विचारला. त्यांनी सांगितलं, गप्प राहा. तूही लुथरन आहेस, तुझ्यावरही तीच पाळी येईल. त्याला खाऊ घालणारं दुकान आणि त्याच्या धर्माच्या माणसाला जाळायचं तेल पुरवणारं दुकान एकच होतं. यावर तो भाष्य करत नाही. करायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

बाकी दिवस तसे सुखाचे गेले. ल्यूट हे तंतुवाद्य वाजवण्यावरून गावात तो 'ल्यूटवाला जर्मन' म्हणून ओळखला जाऊ लागला. घराच्या गच्चीवरून समुद्र दिसे आणि वारा तिकडचा असला की लाटांचा आवाजही येई. विद्यापीठात माशांवरच्या ग्रंथामुळे युरोपभर नाव झालेला गियोम राँदले शिकवत होता. शवविच्छेदनाला प्रेतं मात्र पुरत नसत. डिसेंबर १५५४ मध्ये फेलिक्स आणि त्याचे सोबती रात्री शहराबाहेरच्या साँ-दनी दफनभूमीत गेले, ताजी थडगी उकरली आणि प्रेतं वेशीच्या दाराखालच्या फटीतून आत ओढून आणली. त्याच फटीतून पाठीवर सरपटत येताना त्यांची नाकं खरचटली. पुढे तिथले साधू थडग्यांवर पहारा ठेवू लागले. बापाच्या पत्रांतला 'मन लावून शीक' हा धोशा आठवला की हसू येतं. पोरगा मन लावूनच शिकत होता.

थॉमसची चिंता पत्रांतून स्पष्ट दिसते. गावात डॉक्टर पुष्कळ, आणि तू एका गरीब मास्तराचा मुलगा, तेव्हा इतरांपेक्षा सरस हो. या पत्रव्यवहारात एक मोठी पोकळी आहे. बाझलला प्लाटरच्या घरी राहिलेल्या जिल्बेरने आपल्या आईबापांना काय लिहिलं असेल? जर्मन जेवण, डुकराचं मांस, लॅटिनमध्ये ओरडणारा मुख्याध्यापक. अदलाबदलीच्या दोन मुलांपैकी एकाचीच वही आपल्या हाती आली आहे. या लेखाचा तोलही त्यामुळे एका बाजूला कलतो.

२७ फेब्रुवारी १५५७ ला फेलिक्सने माँपेलिये सोडलं आणि तूलूझ, बोर्दो, पॅरिस असा मोठा वळसा घेऊन मे महिन्यात घरी पोचला. सप्टेंबरमध्ये डॉक्टर झाला. नोव्हेंबरमध्ये लग्न, बापाने आधीच पाहून ठेवलेल्या माग्दालेना येकेलमानशी. ती शल्यवैद्याची मुलगी; तिच्या बापाने १५४३ साली बाझलमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसला शवविच्छेदनात मदत केली होती. तेव्हा उभा केलेला सांगाडा बाझलला आजही आहे.

एक साक्षीदार अजून उरला आहे, आणि तो बोलत नाही. माँपेलियेत फेलिक्स झाडंझुडपं वाळवून कागदावर चिकटवायला शिकला आणि ते आयुष्यभर करत राहिला. त्या संग्रहाचे आठ खंड बर्नला टिकून आहेत. १५८० च्या शरदात फ्रेंच लेखक माँतेन्य बाझलला आला होता. त्याच्या प्रवासवहीच्या या भागात, जो त्याच्या लेखनिकाच्या हातचा आहे, फेलिक्सच्या घराची नोंद आहे: फ्रेंच धाटणीने रंगवलेलं, नटवलेलं, मोठं घर. इतर लोक वनस्पतींची चित्रं काढतात, हा खऱ्या वनस्पतीच चिकटवतो, आणि त्याने वीस वर्षांहून जुनी चिकटवलेली पानं दाखवली, असंही तिथे लिहिलं आहे. १५८० मधून वीस वजा केले की १५६० येतं. 'वीसहून जुनी' म्हटलं तर त्यातली काही पानं कातालाँच्या घरी, समुद्र दिसणाऱ्या त्या गच्चीवर वाळली असतील.