सैल स्टिअरिंगची गोष्ट

यंत्रांच्या इतिहासात इंजिनाला फार मान मिळतो. अश्वशक्ती किती, वेग किती, कोणी कोणाला मागे टाकलं. आज मी उलट्या टोकाकडून सुरुवात करणार आहे, एका झिजलेल्या बुशपासून. गाडी आहे स्नोमोबाइल. गुलमर्गला गेला असाल तर पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि वर मोटरसायकलसारखं हँडल.

नोकरीनिमित्त मी दोन हिवाळे कॅनडात, क्यूबेक प्रांतातल्या शेरब्रूकजवळ काढले. माझे घरमालक सत्तरी ओलांडलेले. त्यांची मेपलची झाडं होती आणि हिवाळा सरताना झाडांचा रस गोळा करायला ते जुन्या स्नोमोबाइलवरून एकटेच जंगलात जायचे. गाडी १९७० च्या दशकातली. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. एक दिवस ते घरी आले ते चालत. हँडल उजवीकडे वळवलं, पण डावी स्की ऐकायलाच तयार नव्हती. गाडी झाडाच्या बुंध्याला घासून थांबली. जंगलात फोनला रेंज नाही. गुडघ्याएवढ्या बर्फातून परतायला त्यांना दीड तास लागला.

तुम्ही म्हणाल, दीड तासाचं काय एवढं? त्यासाठी शेजारच्या वालकूर गावात जावं लागेल, १९३४ च्या जानेवारीत. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा तरुण मेकॅनिक गॅरेज चालवत होता. त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला, इव्होंला, अपेंडिक्सचा त्रास होऊन पोटात विष पसरलं. हॉस्पिटल सुमारे ५० किलोमीटरवर, रस्ते बर्फाखाली, आणि गॅरेजमधली बर्फावरची गाडी अजून अर्धवट. मूल गेलं.

बर्फावरच्या गाडीचा ध्यास त्याला आधीपासूनच होता. १९२२ साली, पंधराव्या वर्षी, त्याने फोर्डचं जुनं इंजिन आणि लाकडी पंखा घसरगाडीवर बसवून ती गावातून फिरवली होती. वडिलांनी तो उघडा पंखा पाहिला आणि गाडी मोडायला लावली. मला वडिलांचं चुकलं असं वाटत नाही. पण मुलाच्या मृत्यूनंतर छंदाचं काम झालं. १९३७ मध्ये पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बंद गाडी विकायला आली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, सगळे तिच्यातून जाऊ लागले. १९४८ मध्ये क्यूबेक सरकारने रस्त्यांवरचा बर्फ काढणं सक्तीचं केलं आणि या मोठ्या गाड्यांचा खप घसरला.

तिकडे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कार्ल एलिआसन या दुकानदाराचं दुखणं वेगळं होतं. पायातल्या व्यंगामुळे शिकारीत त्याला मित्रांच्या बरोबरीने बर्फातून चालता यायचं नाही. १९२४ मध्ये त्याने बोटीचं छोटं इंजिन आणि सायकलचे भाग वापरून मोटरची घसरगाडी बनवली. तिचं स्टिअरिंग म्हणजे दोन स्कींना बांधलेले दोर! बैलाच्या कासऱ्यासारखे. दोराला प्ले येत नाही, पण हाताला रग लागते.

बोंबार्डिएची हलकी, एकदोघांची स्की-डू आली १९५९ मध्ये. सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक उत्तर ऑन्टॅरिओतल्या मिशनरी मित्राकडे गेली. १९६८ च्या एप्रिलमध्ये राल्फ प्लेस्टेडची तुकडी अशाच गाड्यांवरून उत्तर ध्रुवावर पोचली. १९७० च्या सुमारास शंभरावर कंपन्या स्नोमोबाइल बनवत होत्या. पुढे १९७३ चं तेलसंकट आलं, काही हिवाळे बर्फ कमी पडला, आणि बहुतेकांची दुकानं बंद झाली. गाड्या मात्र शेडमध्ये राहिल्या. घरमालकांची त्यातलीच एक.

फिनलंडच्या उत्तरेला सामी लोकांनी रेनडिअर हाकायला हीच गाडी घेतली. पर्टी पेल्टो यांनी १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. (पुढे आरोग्य संशोधनाच्या निमित्ताने ते पुण्यात राहिले.) त्यांनी दाखवलं की पूर्वी लाकूड, चामडं आणि जनावरांवर चालणारा धंदा आता पेट्रोल आणि सुट्या भागांच्या रोख खर्चावर आला, आणि ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांतले पुष्कळजण त्या धंद्यातूनच बाहेर पडले. त्या वर्षी मला हे पुस्तकातून कमी आणि शेडमध्ये जास्त समजलं.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. दिसेल तो नट आवळला. प्ले गेल्यासारखा वाटला. पण हँडल इतकं जड झालं की वळवलेली स्की परत सरळ येईना. घरमालक हसले नाहीत. सगळे नट पुन्हा सैल करून त्यांनी गाडीचं तोंड लाकडी ठोकळ्यावर चढवलं, हँडल गच्च धरलं आणि मला स्कीचं टोक हलवायला सांगितलं. टोक तीन सेंटीमीटर डोलत होतं. मग एकेका सांध्यावर बोट ठेवून कुठे काय हलतं ते पाहत गेलो. हँडलच्या दांड्याचा प्लॅस्टिकचा बुश, टाय रॉडचे बॉल जॉइंट, स्कीच्या उभ्या खुंटावरची दातेरी पकड, आणि तो खुंट ज्यात फिरतो तो बुश. कुठेही अर्ध्या मिलिमीटरहून फार जास्त नव्हतं. पण सांध्यापासून खुंट सहा सेंटीमीटरवर आणि स्कीचं टोक पन्नासावर, म्हणजे अर्ध्याचे टोकाला चार होतात. असे सांधे पाच.

बॉल जॉइंट ठरावीक मापाचे, ते बाजारात मिळाले. बुश कुठेच मिळाला नाही. शिवाय खुंट एकाच बाजूने झिजून लंबगोल झालेला, त्यात नवा गोल बुश घालून काय उपयोग? आधी खुंट लेथवर गोल करून घेतला, मग बारीक झालेल्या मापाचा पितळेचा बुश कातला. खोलण्याआधी दातेरी पकडीवर खूण केली होती. एक दात चुकला तर स्की तिरकी बसते.

टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. नळी फिरवली की लांबी कमीजास्त होते. हँडल सरळ ठेवून दोन्ही स्कींमधलं अंतर पुढे आणि मागे मोजलं, पुढे तीन मिलिमीटर जास्त ठेवलं आणि चेकनट आवळले. ग्रीस भरलं.

घरमालकांनी हँडल धरलं. मी डाव्या स्कीचं टोक ढकललं. ते हललं नाही. त्यांनी मान डोलावली आणि ठोकळा उजव्या स्कीखाली सरकवला.