मेदाचा सांगावा

२००५ साली अमेरिकेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, क्ले सेमेन्कोविच यांच्या प्रयोगशाळेने काही वेगळे उंदीर तयार केले. मेदाम्ले बनवणारे मुख्य एन्झाइमच त्यांच्या यकृतात नव्हते. मग त्यांना मेदविरहित आहार दिला. खाण्यात मेद नाही, यकृतात तो बनत नाही. तेव्हा यकृत सडसडीत राहायला हवे होते. झाले उलटेच. यकृतात मेद साचला आणि रक्तातली साखर उतरली. आहारात मेद परत आणल्यावर, किंवा पीपीएआर-अल्फा या ग्राहीला जागे करणारे औषध दिल्यावर, बिघाड सावरला.

साचलेला मेद अंगावरच्या साठ्यातून आलेला होता. तो जाळायची सोय यकृताकडे होती, पण जाळण्याचा हुकूम सुटत नव्हता. तो हुकूम ताज्या मेदाने द्यायचा होता आणि ताजा मेद तर बनतच नव्हता. मेद जळतो, साठतो, आणि स्वतःचे काय करायचे हेही पेशीला कळवतो. या विषयाच्या उंबरठ्यावर एवढी एक गोष्ट गाठीला बांधली, की पुढची वाट सोपी होते.

हा सांगावा वाचणारी प्रथिने म्हणजे केंद्रकीय ग्राही. माणसात ती ४८ आहेत. इन्सुलिनला पेशीच्या दारावरच थांबावे लागते. मेदात विरघळणारे लहान रेणू मात्र थेट आत शिरतात. ग्राहीच्या खोबणीत असा रेणू बसला, की ग्राहीचा आकार किंचित बदलतो, जनुकाला दाबून धरणारी प्रथिने सुटतात आणि त्याला चालना देणारी येऊन चिकटतात. यकृतातले यांपैकी बरेच ग्राही आरएक्सआर या जोडीदाराला घेऊन डीएनएवर बसतात. तिथे ते शोधतात सहा अक्षरांचा जवळपास एकच शब्द, दोनदा लिहिलेला. दोन शब्दांमध्ये एका अक्षराची जागा असेल तर तो पीपीएआरचा पत्ता, चार अक्षरांची असेल तर एलएक्सआर या दुसऱ्या ग्राहीचा. दुसरा शब्द उलटा लिहिलेला असेल, तर तो बहुधा एफएक्सआर या तिसऱ्यासाठी.

हरतालिकेचा कडक उपास करणारीच्या शरीरात रात्रीपर्यंत यकृतातले ग्लायकोजेन उतरणीला लागलेले असते. मेदसाठ्यातून मेदाम्ले यकृताकडे धावतात. पीपीएआर-अल्फा त्यांना मायटोकाँड्रियात नेणाऱ्या आणि त्यांची कीटोन द्रव्ये करणाऱ्या एन्झाइमांची जनुके चालू करतो. मेंदूसाठी पर्यायी इंधन तयार होऊ लागते. उपास सुटला, पान वाढले, की डाव फिरतो. इन्सुलिन आणि एलएक्सआर मिळून मेद बांधणारी जनुके उठवतात. जेवणानंतर आतड्यातून परतणारी पित्ताम्ले एफएक्सआरला भेटतात आणि ‘आता पित्ताम्ले पुरेत’ असे सांगतात.

या शास्त्राचा इतिहास शेवटाकडून सुरुवातीकडे गेलेला आहे. आधी औषध आले, मग त्याचा ग्राही सापडला. क्लोफायब्रेट हे औषध १९६०च्या दशकातच वापरात होते. त्याने उंदरांच्या यकृतात पेरॉक्सिझोम नावाचे पेशीतले कण वाढतात हेही दिसले होते. त्या निरीक्षणाचा जनार्दन रेड्डी यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. त्यामागचा ग्राही, पीपीएआर-अल्फा, मात्र १९९० मध्ये इझाबेल इसमान आणि स्टीफन ग्रीन यांच्या हाती लागला. कोणाचे ऐकतात हे ठाऊक नसलेल्या ग्राहींना तेव्हा ‘अनाथ’ म्हणत. पित्ताम्ले हीच एफएक्सआरची माणसे, हे १९९९ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले.

नवख्या वाचकाला इथे एक मोह होतो: ग्राही कळला, आता बटण दाबायचे. पण एका ग्राहीच्या हाताखाली शेकडो जनुके असतात. एलएक्सआरला चेतवले तर कोलेस्टेरॉल बाहेर काढायला मदत होते, पण उंदरांचे यकृत मेदाने भरते. एफएक्सआरवर काम करणाऱ्या ओबेटिकोलिक आम्ल या औषधाने अंगाला खाज सुटते आणि एलडीएल चढते. म्हणूनच २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रेस्मेटिरोम या औषधाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. ते थायरॉइड ग्राहीच्या बीटा प्रकारावर, तेही मुख्यतः यकृतात काम करते. हृदयात प्रबळ असलेल्या अल्फा प्रकाराला फारसे छेडत नाही. उंदरावरून माणसाकडे येतानाही पाय जपूनच टाकावा लागतो: क्लोफायब्रेटसारख्या फायब्रेट औषधांनी उंदराचे यकृत फुगते, माणसाचे तसे फुगत नाही.

तेव्हा या क्षेत्रातला कोणताही निष्कर्ष वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. सांगावा कोणत्या रेणूने आणला? तो कोणत्या पेशीत वाचला गेला? आणि त्या वेळी शरीर उपाशी होते की जेवलेले? जीवरसायनाची तयारी कमी असली तरी बिचकू नये. हे तीन प्रश्न विचारायला ती लागत नाही. आणि सेंट लुईसच्या उंदरांनी विचारलेला चौथा प्रश्न आहेच: साठ्यातून आलेला मेद आणि घरी बनलेला मेद यांतला फरक यकृत ओळखते तरी कसे? त्याचे पुरते उत्तर अजून कोणाकडे नाही. त्यामुळे इथे आज येणारा उशिरा आलेला नाही.