आयएल२आरजी : एक्स गुणसूत्रावरचे एक छोटे जनुक

या वेळी एका जनुकाची ओळख करून घेऊ. आम्ही संगणकवाले, डॉक्टर नव्हे; पण घरात पाळणा हलणार असेल तर ही माहिती जरूर वाचा.

जनुकाचे नाव आयएल२आरजी. पत्ता : एक्स गुणसूत्र, लांब भुजा, पट्टा १३.१. लांबी सुमारे ४,५०० अक्षरे, म्हणजे तसे लहानच. प्रथिनाची कृती त्यात ८ तुकड्यांत, म्हणजे एक्सॉनांत, लिहिलेली असते. त्यातून ३६९ अमिनो आम्लांची 'गॅमा साखळी' तयार होते. तिचा मोठा भाग पांढऱ्या पेशीच्या बाहेर असतो, थोडा आवरणात रुतलेला आणि उरलेला आत. बाहेरचा निरोप ती आत पोचवते.

इंटरल्यूकिन २, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहा निरोपांचे रिसेप्टर हीच साखळी वापरतात. एकच फाइल सहा प्रोग्रामनी वापरावी तसे. फाइल बिघडली की सहाही बंद! मग टी पेशी आणि एनके पेशी तयार होत नाहीत. बी पेशी असूनही कामाच्या राहत नाहीत. साधा संसर्गही बाळाच्या जिवावर बेततो. ह्यूस्टनचा डेव्हिड व्हेटर (१९७१-१९८४) याच आजारामुळे प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात वाढला. दोष या जनुकात आहे हे १९९३ साली कळले.

पत्त्याला महत्त्व का? आईकडे दोन एक्स असतात, मुलाकडे एकच. सदोष प्रत असलेली आई स्वतः ठणठणीत असते, पण तिच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता ५० टक्के. म्हणून बाळाच्या आजोळी विचारा : एखादा मामा किंवा मावशीचा मुलगा तान्हेपणीच वारंवार आजारी पडून गेला होता का? अर्थात, अनेकदा दोष नव्यानेच उद्भवतो, तेव्हा 'आमच्याकडे कोणी नाही' एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

अमेरिकेत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ही तपासणी होते. विस्कॉन्सिनने २००८ साली सुरुवात केली. २०१८ अखेर सर्व राज्ये आली. पहिल्या साडेतीन महिन्यांत, संसर्ग होण्याआधी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले तर बहुतेक बाळे वाचतात.

भारतात जन्मानंतर लगेच बीसीजी टोचतात. ती जिवंत जंतूंची लस आहे. इतर बाळांना ती हवीच, पण या बाळांना घातक ठरू शकते. तेव्हा बाळंतपणाला माहेरी जाणार असाल आणि घराण्यात असा इतिहास असेल, तर तो लस टोचण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.