अंबाझरीचा सूर्यास्त आणि केंब्रिजची कॉफी

आमच्या चिरंजीवांना न्यू जर्सीत जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हा त्यांना नागपूरच्या सूर्यास्ताची आठवण झाली. नागपुरात असताना या गृहस्थाने सूर्यास्त पाहिल्याचं मला स्मरत नाही. सुटीच्या दिवशी तो उठायचाच मुळी त्या सुमाराला.

"बाबा, गच्चीवर एक कॅमेरा लावा ना! अंबाझरी तलाव आणि मागे सूर्य. इथे आम्ही नागपूरची दहा-बारा पोरं आहोत. नेटवर थेट पाहू."

"पण तेव्हा तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात."

"म्हणूनच तर! ऑफिसात बसून पाहता येईल."

सूर्यास्त पाहून दिवसाच्या कामाला लागणारी ही पहिलीच पिढी असावी.

मी बर्डीवर गेलो. दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, चोर पकडाचा हाय का?"

"नाही. सूर्यास्त दाखवायचा आहे."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "सूर्य कोन चोरून नेते जी?" असं म्हणून त्याने आठ कॅमेरे मांडले आणि वधूपित्याने सोन्याचे तोळे सांगावेत तसे एकेकाचे मेगापिक्सेल सांगितले. मी विचार करून येतो म्हणालो. एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. त्या धंद्याचा तोटा असा, की साधी चप्पल घ्यायची म्हटली तरी मला भरताने नेलेल्या पादुकांपासून सुरुवात करावी लागते. तेव्हा कॅमेरा घेण्याआधी, लोकांनी आजवर कॅमेऱ्यातून काय काय दाखवलं ते पाहायला बसलो.

कॅमेऱ्याने टिपलेलं आणि आज टिकून असलेलं सर्वांत जुनं चित्र फ्रान्समधल्या निसेफोर निएप्सचं. १८२६-२७ च्या सुमारास त्याने ते आपल्या घराच्या खिडकीतून काढलं. त्याला निदान आठ तास लागले असं सांगतात. तेवढ्या वेळात सूर्य या बाजूचा त्या बाजूला गेला आणि भिंतींवर दोन्हीकडून ऊन पडलं. एवढा खटाटोप करून दिसतं काय? आसपासची छपरं!

दूर बसून पाहायच्या कॅमेऱ्याची कथा तर आणखी मजेची. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच यंत्र होतं. इमारतीच्या इतर भागांतली विद्वान मंडळी जिने तुडवत यायची आणि भांडं रिकामं पाहून हात हलवत परत जायची. हा हेलपाटा वाचावा म्हणून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेत्स्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र टेबलावरच्या संगणकात आणलं. चित्र करड्या रंगाचं, आडवे-उभे १२८ ठिपके, मिनिटाला साधारण तीनदा बदलणारं. नोव्हेंबर १९९३ मध्ये ते जगाला खुलं झालं आणि लाखो लोक, ज्यांना त्यातला घोटही मिळणार नव्हता, ते भांडं पाहत बसले. २२ ऑगस्ट २००१ ला तो कॅमेरा बंद केला. ते बिघडलेलं यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. आमच्या हिने हे ऐकून माळ्यावरचा स्टोव्ह खाली काढून ठेवला आहे.

पुढे १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी एक कॅमेरा बाहेर रोखला. त्याचं नावच फॉगकॅम, म्हणजे धुक्याचा कॅमेरा. २०१९ मध्ये तो बंद होणार अशी बातमी आली, लोक हळहळले आणि शेवटी विद्यापीठानेच तो चालू ठेवला.

म्हणजे छपरं, कॉफी आणि धुकं. सूर्यास्ताचा कुठे पत्ता नाही. "मग आपण काय दाखवायचं?" हिने विचारलं.

"सूर्यास्त!" मी ठणकावून म्हणालो. इतिहासापासून माणूस काही शिकत नाही, हे मी एकतीस वर्षं उगीच शिकवलं नव्हतं.

आता निवड. पहिली गोष्ट म्हणजे मेगापिक्सेलपेक्षा भिंग महत्त्वाचं. २.८ मिलिमीटरचं भिंग ऐसपैस पाहतं, पण तलाव त्यात बशीएवढा होतो. १२ मिलिमीटरचं भिंग तलाव जवळ आणतं, पण आजूबाजूचं सगळं कापून टाकतं. दुसरी गोष्ट खोक्यावरचा ६६ आकडा. त्यातला पहिला सहा म्हणजे धूळ आत शिरणार नाही, दुसरा सहा म्हणजे जोराचा फवारा मारला तरी पाणी शिरणार नाही. तिसरी गोष्ट उष्णता. "पन्नास डिग्रीपर्यंत चालते," पोरगा म्हणाला. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, आणि तो सावलीतला. गच्चीवरच्या उन्हात धातूचं डबडं किती तापेल याचा हिशोब मी त्यालाच करायला सांगितला. त्याने मुकाट्याने साठ डिग्रीचा कॅमेरा आणि वर एक टोपी दिली. चौथी गोष्ट म्हणजे इंटरनेटचं पोट. सेकंदाला चार मेगाबिट धरले तर दिवसाकाठी ४३ गिगाबाइट पाठवावे लागतात. मिनिटाला एक फोटो पाठवला तर दिवसाला १,४४० फोटोंत भागतं. हिच्या मते सूर्य काही तेवढा चंचल नाही, पण चिरंजीवांना तो हलताना पाहायचा होता.

जागेचाही प्रश्न आला. नागपुरात उंचावरून दिसणं हा मुळात देखाव्याचा नव्हे, लढाईचा मामला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज झुंजले ते बर्डीच्या टेकड्यांसाठी, कारण टेकडी ज्याच्या हाती, खालचं सगळं त्याच्या नजरेखाली. आमचं घर रामनगरच्या चढावर. आमच्या नजरेखाली शेजाऱ्यांची गच्ची. त्यावर वाळणाऱ्या पापडांपासून इतर वस्त्रप्रावरणांपर्यंत सगळं न्यू जर्सीत दिसणार, हे कळताच शेजारीण तलवार उपसूनच आली. भिंगाचा कोन बदलला आणि तह झाला.

चढवताना तर रडायची पाळी आली. कॅमेरा टाकीवर नेताना कारागिराच्या हातून दोर सुटला आणि तो भिंतीवर आपटला. मला एकदम कर्नल लॅम्टन आठवले. हिंदुस्थान मोजायला निघालेल्या या गृहस्थाचं अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून असंच भिंतीवर आदळलं. सहा आठवडे तंबूत कोंडून घेऊन त्यांनी ते स्वतः ठोकून सरळ केलं. पुढे नागपूरला मुक्काम हलवताना जानेवारी १८२३ मध्ये ते वाटेत हिंगणघाटला वारले. मी एवढं सांगेपर्यंत कारागिराने कॅमेरा बसवून पैसे मागितले.

सूर्यास्त सुरू झाला. मे महिन्यात तो धुळीमागे गेला, जूनपासून ढगांमागे. दिसला तेव्हा थेट भिंगात घुसला, आणि तलाव काळा नि आकाश पांढरं फटक. रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा तीस मीटर पोचायचा, तलाव त्याच्या कितीतरी पलीकडे. त्या दिव्याला भुलून किडे आले, किड्यांसाठी कोळी आला, आणि न्यू जर्सीची दहा-बारा पोरं आठवडाभर तो कोळीच पाहत होती. मग तेही थांबले.

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री पाऊस सुरू झाला. पहाटेपर्यंत काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त कोसळला. अंबाझरी भरून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली, खालच्या अंबाझरी लेआऊटमध्ये घराघरांत पाणी शिरलं. शहरात माणसं दगावली. आम्ही चढावर, म्हणून कोरडे. वीज गेली होती. हिची बहीण खाली तळमजल्यावर राहते, तिला आणायला मी कंबरभर पाण्यात जाऊन आलो. परतलो तर फोनवर चिरंजीवांचे एकोणीस कॉल. त्याने बातमी पाहून आधी कॅमेरा उघडला होता. वीज जाईपर्यंत त्याला काय दिसलं? काळोख, आणि भिंगासमोर चमकणारे थेंब.

"बाबा," तो म्हणाला, "तलाव दिसला नसता तरी चाललं असतं. तुम्ही कुठेच दिसत नव्हता."

पोराचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. केंब्रिजच्या लोकांना कॉफीसाठी जिने तुडवायचाही कंटाळा होता. याला बारा हजार किलोमीटरचा हेलपाटा मनात असूनही मारता येत नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात मी कॅमेरा टाकीवरून उतरवला. २.८ चं भिंग, इन्व्हर्टरची जोडणी आणि पासवर्ड. सूर्यास्त जगाला दाखवावा, फाटक दाखवू नये. आता त्यात दिसतं ते आमचं फाटक, उतारावरचा रस्ता, कडुनिंब आणि व्हरांड्यातल्या वेताच्या दोन खुर्च्या. देखावा म्हणून याला कोणी विचारणार नाही. चिरंजीव रोज पाहतात.

परवा हिला थोडी कणकण होती म्हणून ती आत पडून होती. "सगळं छान आहे" असं मी फोनवर आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं. संध्याकाळी चहा घेऊन बसलो, तर दहा मिनिटांत फोन.

"बाबा, आईची खुर्ची रिकामी का?"

केंब्रिजला भांडं भरलंय की रिकामं, एवढंच पाहत. खरं ते सांगावं लागलं. मग तो हिच्याशी अर्धा तास बोलला. फोन ठेवताना ही म्हणाली, "आणि हे बघ, तुझ्या बाबांनी आज स्वतः चहा केलाय. तो कसा झालाय, ते काही तुझ्या कॅमेऱ्यात दिसायचं नाही."