एक शहर, एक पुस्तक

एका शहरातील वाचकांनी ठरावीक मुदतीत एकच पुस्तक वाचावे आणि त्यावर जाहीर चर्चा करावी, यासाठी बहुधा सार्वजनिक ग्रंथालयाने योजलेला उपक्रम. मुदत सामान्यतः एक महिन्याची असते. ग्रंथालय निवडलेल्या पुस्तकाच्या जादा प्रती खरेदी करते, चर्चेसाठी प्रश्नांची पुस्तिका छापते आणि शक्य असल्यास लेखकाला बोलावते. जोडीला व्याख्याने, नाट्यवाचन, चित्रपट असे कार्यक्रम होतात. पुस्तक बहुतेक वेळा कादंबरी असते. कवितासंग्रह क्वचितच निवडला जातो. या प्रकारास मराठीत रूढ संज्ञा नाही. ‘सामूहिक वाचन’ हा शब्द वापरला जातो, पण मोठ्याने केलेले एकत्र वाचन असाही त्याचा अर्थ होत असल्याने तो येथे पुरता लागू पडत नाही.

उगम : अमेरिकेतील सिअ‍ॅटल, १९९८. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाशी संलग्न ‘वॉशिंग्टन सेंटर फॉर द बुक’ या केंद्राच्या संचालक नॅन्सी पर्ल आणि त्यांच्या सहकारी क्रिस हिगाशी यांनी हा उपक्रम सुरू केला. श्रेय सामान्यतः एकट्या पर्ल यांना दिले जाते. उपक्रमाचे मूळ नाव ‘सगळ्या सिअ‍ॅटलने एकच पुस्तक वाचले तर’ अशा अर्थाचे होते. पुढे ते ‘सिअ‍ॅटल रीड्स’ असे आटोपशीर करण्यात आले. पहिले पुस्तक रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ (१९९१) ही कादंबरी. एका लहान गावात शाळेच्या बसला अपघात होऊन मुले दगावतात आणि नुकसानभरपाईचा दावा लावण्यासाठी बाहेरून वकील येतो. चार निवेदक आळीपाळीने हकिकत सांगतात आणि दोष नेमका कोणाचा, याचा निवाडा वाचकावर सोपवला जातो. ज्या पुस्तकावर दोन शेजाऱ्यांचे एकमत होण्याची शक्यता कमी, ते चर्चेला चांगले, हे ग्रंथपालांना अनुभवाने माहीत असते. त्या दृष्टीने ही पहिली निवड नंतरच्या कित्येक निवडींपेक्षा सरस म्हणावी लागेल. दुसऱ्या वर्षी अर्नेस्ट गेन्स यांची ‘अ लेसन बिफोर डाइंग’ घेण्यात आली. २००६ मध्ये मार्जान सत्रापी यांची ‘पर्सेपोलिस’ ही चित्रकथा, तर २००७ मध्ये झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ निवडली गेली.

पर्ल यांचा ‘पन्नासाचा नियम’ ग्रंथपालांत प्रसिद्ध आहे : पुस्तकाची पन्नास पाने वाचून पाहावीत, मन रमले नाही तर खुशाल मिटावे, पन्नाशी उलटलेल्यांनी शंभरातून आपले वय वजा करून येतील तेवढीच पाने वाचावीत. २००३ मध्ये त्यांच्या रूपाची खेळण्यातली बाहुली बाजारात आली. कळ दाबताच ती ओठांवर बोट नेते. जिने वाचनालयात लोकांना बोलते केले तिची बाहुली गप्प राहण्याची खूण करते, यावर काही ग्रंथपालांनी नाराजी दाखवली. पर्ल यांनी मात्र ते हसण्यावारी नेले.

शिकागो : उपक्रमाला देशव्यापी प्रसिद्धी मिळाली ती २००१ मधील ‘वन बुक, वन शिकागो’मुळे. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी तो पुरस्कृत केला. ग्रंथालय आयुक्त मेरी डेम्प्सी यांच्याकडे त्याची सूत्रे होती. हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) निवडण्यात आली. पुस्तक वाचत असलेल्यांनी लोकलमध्ये किंवा बसमध्ये एकमेकांना ओळखावे म्हणून कोटाला लावायचे बिल्ले वाटण्यात आले. कादंबरीतील खटल्याला धरून वकिलांनी अभिरूप न्यायालय भरवले. उपक्रम चालू असतानाच ११ सप्टेंबरचा हल्ला झाला आणि वंशविद्वेषावरील या कादंबरीच्या चर्चांना वेगळीच धार आली. २००२ मध्ये एली विझेल यांचे ‘नाइट’ व विला कॅथर यांची ‘माय आंतोनिया’, २००६ च्या शरदात लाहिरी यांचा ‘इंटरप्रीटर ऑफ मॅलडीज’ हा कथासंग्रह, असा क्रम पुढे चालू राहिला. सुरुवातीच्या वर्षांत शिकागो दरवर्षी दोन पुस्तके घेत असे.

न्यूयॉर्कचा वाद : २००२ मध्ये न्यूयॉर्कने शिकागोचे अनुकरण करण्याचे ठरवले. निवड समितीचा कल चांग-रे ली यांच्या ‘नेटिव्ह स्पीकर’ या कोरियन-अमेरिकन नायकाच्या कादंबरीकडे होता. त्यातील चित्रण आशियाई रहिवाशांना खटकेल, अशी शंका काहींनी काढली. जेम्स मॅकब्राइड यांचे ‘द कलर ऑफ वॉटर’ हे आत्मकथन पुढे आले, तेव्हा त्यातील ज्यू कुटुंबाचे चित्र सनातनी ज्यूंना रुचेल काय, हा प्रश्न निघाला. अखेर दोन गटांनी दोन पुस्तके पुढे केली आणि शहराचे एक पुस्तक ठरलेच नाही. समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी त्याच सुमारास या प्रकारच्या सामुदायिक वाचनालाच विरोध केला. वाचन हे एकट्याने करायचे काम, अशी त्यांची भूमिका होती. २०१७ मध्ये शहराच्या प्रशासनाने पाच पुस्तकांची यादी देऊन नागरिकांकडून मतदान घेतले, तेव्हा चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘अमेरिकाना’ निवडून आली. समितीला जे जमले नाही ते मतपेटीला जमले. मात्र मतदानाने निवडलेले पुस्तक वादाला कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न वेगळा.

विद्यापीठे : नव्या विद्यार्थ्यांना प्रवेशापूर्वी एक पुस्तक वाचायला लावण्याची प्रथा अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने (चॅपेल हिल) २००२ मध्ये मायकेल सेल्स यांचे कुराणातील आरंभीच्या सूरांच्या भाषांतराचे पुस्तक नेमले. त्यावर न्यायालयात दावा झाला. न्यायालयाने चर्चासत्रे थांबवण्यास नकार दिला. ज्यांना पुस्तक वाचायचे नव्हते त्यांनी न वाचण्याचे कारण लिहून द्यावे, अशी मुभा विद्यापीठाने दिली होती.

राष्ट्रीय योजना : अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने २००४ मध्ये ‘रीडिंग अ‍ॅट रिस्क’ हा अहवाल प्रसिद्ध केला. वर्षभरात कथा, कविता वा नाटक यांपैकी काहीही वाचणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १९८२ मध्ये ५६.९ टक्के होते, ते २००२ मध्ये ४६.७ टक्क्यांवर आले, असे त्यात दाखवले होते. पाहणी सुमारे १७,००० प्रौढांची होती. निधीचे तत्कालीन अध्यक्ष कवी डेना जोइया यांनी या आकड्यांच्या आधारे ‘द बिग रीड’ योजना आणली. २००६ मध्ये दहा ठिकाणी प्रयोग करून २००७ पासून ती देशभर राबवण्यात आली. २००८ च्या पाहणीत हेच प्रमाण ५०.२ टक्के आढळले आणि वाढीचे काही श्रेय निधीने अशा उपक्रमांना दिले. हा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही.

युरोप : व्हिएन्नाने २००२ मध्ये फ्रेडरिक मॉर्टन यांच्या कादंबरीपासून ‘एक शहर, एक पुस्तक’ सुरू केले. मॉर्टन हे नाझी राजवटीत व्हिएन्ना सोडावे लागलेले ज्यू लेखक. येथील पद्धत वेगळी आहे : पुस्तकाच्या एक लाख प्रती छापून शहरात फुकट वाटल्या जातात. डब्लिनमध्ये २००६ पासून एप्रिल महिना यासाठी राखला जातो. पहिले पुस्तक फ्लॅन ओब्रायन यांची ‘अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्स’ होते. पुढे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’, ‘ड्रॅक्युला’, जॉइस यांचे ‘डब्लिनर्स’ असे शहराशी नाते असलेले लेखकच बहुधा घेतले गेले. ब्रिस्टलने २००३ मध्ये स्टीव्हन्सनचे ‘ट्रेझर आयलंड’ वाचले, एडिंबरोने २००७ मध्ये त्याचेच ‘किडनॅप्ड’.

ऑस्ट्रेलिया : ब्रिस्बेनमध्ये २००२ पासून काही वर्षे.

संशोधन : डॅनिएल फुलर आणि डेनेल रेबर्ग सेडो यांनी ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथील उपक्रमांचा अभ्यास करून ‘रीडिंग बियाँड द बुक’ (२०१३) हा ग्रंथ लिहिला. सहभागी होणाऱ्यांत आधीपासून वाचणाऱ्या, सुशिक्षित, मध्यमवयीन स्त्रियांचा भरणा असतो, असे त्यातून दिसते. नवे वाचक घडवण्याचा हेतू त्या मानाने साधत नाही. आहेत त्या वाचकांना सोबत मिळते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते ग्रंथालयाच्या दृष्टीने एवढेही पुरेसे आहे, पण अनुदान मागणाऱ्या अर्जात हे लिहिता येत नाही.

महाराष्ट्र : एकच ग्रंथ सगळ्या गावाने ऐकायचा, ही रीत येथे जुनी आहे. श्रावणात किंवा चातुर्मासात देवळात पोथी लावली जाते; एकाने ओव्या वाचायच्या, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि समाप्तीला गावजेवण. श्रीधरांचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ग्रंथ घरोघर पोहोचले ते प्रामुख्याने अशा श्रवणातून. ज्ञानेश्वरीची पारायणे आणि अखंड हरिनाम सप्ताह आजही होतात. पोथीत ग्रंथ ठरलेला असतो, मुदत ठरलेली असते, अर्थ लावण्याचे काम उघड्यावर चालते आणि निरक्षरालाही त्यात जागा असते. सिअ‍ॅटलच्या प्रयोगाशी त्याचे साम्य वाटते त्याहून अधिक आहे. फरक असा की पोथीवर मतभेद अपेक्षित नसतो.

अलीकडच्या उपक्रमांनी मात्र हा सांगाडा उचललेला नाही. १५ ऑक्टोबर हा ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळचे भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून खुले झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना घेतली आहे. तेथे पुस्तके विकत मिळतात, येथे घरांच्या ओसरीवर बसून वाचायची असतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत ग्रंथपेट्या वाचकांच्या गटांत फिरतात आणि ठरावीक काळाने अदलाबदल होते; परदेशांतील मराठी मंडळींपर्यंतही त्या गेल्या आहेत. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने ‘शांतता... पुणेकर वाचत आहेत’ हा उपक्रम झाला. भरदुपारी तासभर सगळ्यांनी हातातले काम ठेवून वाचायचे, असे त्याचे स्वरूप. नाव अर्थातच तेंडुलकरांच्या नाटकावरून बेतलेले. डिसेंबर २०२३ मध्ये याच महोत्सवाच्या निमित्ताने स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर ३,०६६ पालकांनी आपल्या मुलांना एकाच वेळी गोष्ट वाचून दाखवून चीनच्या नावावरील विक्रम मोडला. हे वाचन काही मिनिटांचे होते.

या सर्वांत वाचन सामायिक आहे, पुस्तक नाही. बंगळूरच्या कबन पार्कमध्ये सुरू झालेली आणि पुण्या-मुंबईच्या बागांतही आलेली मूक वाचनाची शनिवार-रविवारची बैठक याच जातीची : सतरंजी एक, पुस्तके ज्याची त्याची. समाजमाध्यमांवरील पुस्तकचर्चेचेही तसेच. तासभर एकत्र बसलेल्या शहराला घड्याळ एक लागते. एक पुस्तक ठरवायचे तर कोणते, कोणी आणि कशासाठी, हे प्रश्न येतात, आणि न्यूयॉर्कला जे झेपले नाही ते टाळण्याकडे आयोजकांचा कल असल्यास नवल नाही. मराठीत जातीचा, प्रमाणभाषेचा आणि बंदीच्या मागण्यांचा इतिहास पाहता असा वाद येथे सौम्य असेल, असे मानण्यास आधार नाही.

एकच पुस्तक न ठरवण्याचे दुसरे कारण प्रतींचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा (१९६७) यानुसार अनुदान मिळणाऱ्या वाचनालयांची संख्या अकरा हजारांच्या वर आहे. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती साधारणतः हजार प्रतींची निघते.