ऑनलाइन सहयोगी अध्ययन आणि अधिबोध

अधिबोध किंवा मेटाकॉग्निशन म्हणजे स्वतःच्या विचारप्रक्रियेची जाणीव आणि तिच्यावरील नियंत्रण होय. आपल्याला काय समजले, काय समजले नाही आणि अभ्यासाची पद्धत कोठे बदलावी, हे विद्यार्थ्याने स्वतः ओळखणे त्यात अभिप्रेत असते. विद्यापीठीय विद्यार्थ्यांची ही क्षमता ऑनलाइन गटाध्ययनातून कशी विकसित होते, हा शिक्षणशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे.

संकल्पना

अमेरिकन विकासमानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. अधिबोधाचे सामान्यतः दोन घटक मानले जातात : बोधाविषयीचे ज्ञान आणि बोधाचे नियमन. नियमनात नियोजन, देखरेख व मूल्यमापन यांचा समावेश होतो.

जिज्ञासा-समूहाचे प्रारूप

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० च्या सुमारास हे प्रारूप मांडले. उच्च शिक्षणातील संगणकाधारित लिखित चर्चा हा त्याचा आधार होता. त्यात बोधात्मक, सामाजिक आणि अध्यापनविषयक अशा तीन उपस्थिती सांगितल्या आहेत. जॉन ड्यूई यांच्या विचारांवरून बोधात्मक उपस्थितीचे समस्येची जाणीव, शोध, एकत्रीकरण व निराकरण असे चार टप्पे कल्पिले आहेत. पुढे गॅरिसन आणि झेहरा अक्योल यांनी ‘सामायिक अधिबोध’ ही संकल्पना विकसित केली. तीनुसार विद्यार्थी स्वतःच्या विचारांचे नियमन करतो, तसेच सहाध्यायांच्या विचारांच्या नियमनातही सहभागी होतो.

कार्यपद्धती

लिखित चर्चेत विचारांची नोंद राहते. त्यामुळे विद्यार्थ्याला आपले आधीचे मत पुन्हा तपासता येते. उदाहरणार्थ, सहसंबंध म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे, हा सांख्यिकीतील नियम अनेकांना पाठ असतो. मात्र आइस्क्रीमची विक्री आणि पाण्यात बुडण्याच्या घटना एकाच काळात का वाढतात, असे सहाध्यायाने विचारल्यास उन्हाळा हे समान कारण स्पष्ट करावे लागते. ते जमले नाही, तर नियम पाठ असूनही समजलेला नाही, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येते.

मर्यादा

केवळ गट स्थापन केल्याने अधिबोध वाढतोच असे नाही. गॅरिसन व सहकाऱ्यांच्या २००१ मधील विश्लेषणात निराकरणाच्या टप्प्यातील नोंदी सर्वांत कमी आढळल्या. काही विद्यार्थी मौन राहतात, तर काही केवळ सहमती दर्शवतात. म्हणून चर्चेला दिशा देणारे प्रश्न विचारणे, ‘माझे मत का बदलले’ अशी टिपणे लिहून घेणे आणि कालांतराने ही जबाबदारी विद्यार्थ्यांकडे सोपवणे, ही शिक्षकाची कामे महत्त्वाची ठरतात.